कोरड्या गंगेतली नाव

नाशकातल्या माणसाने निवृत्तीनंतर काय करावे, याचे काही संकेत ठरून गेलेले आहेत. सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढाव्या, संध्याकाळी गंगेवर जाऊन बसावे, मधल्या वेळात द्राक्षांचा भाव आणि गंगापूर धरणातल्या पाण्याची टक्केवारी यांवर मत द्यावे. अगदीच पैसा खुळखुळत असेल तर त्र्यंबक रस्त्याला दोन गुंठे घ्यावेत. या यादीत शिडाची होडी कुठेच बसत नाही. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी शंभर किलोमीटरच्या पलीकडे, आणि आम्ही त्याच्याहून जवळजवळ दोन हजार फूट उंचावर! त्यामुळे २०१६ सालच्या फेब्रुवारीत एका टेंपोत पालथी घातलेली एक जुनाट होडी आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत आली, तेव्हा वहीत काय नोंद करावी हे वॉचमनने मलाच विचारले. मी म्हटले, "फर्निचर लिही."

तसे ते खोटे नव्हते. लाकडाचेच सामान ते. पण या होडीच्या बाबतीत मी जे जे अर्धे खरे बोललो, त्यातले हे पहिले नव्हते आणि शेवटचेही नव्हते.

वेड मात्र जुने. कॉलेजात असताना मी एन. सी. सी.च्या नौदल शाखेत होतो. मुंबईच्या बंदरात दोनदा बोटीत बसलो, तेही वल्हे मारायला. दुसऱ्या खेपेला परत येताना वारा सुटला, शीड चढवले, वल्ही आत घ्यायचा हुकूम झाला, आणि कुणीही काहीही करीत नसताना ती बोट चालू लागली. पाच-सात मिनिटांचा तो प्रकार. पुढची सदतीस वर्षे मी बँकेत काढली. त्या मुदतीत दर पावसाळ्यात, वारा आला की मला ती पाच-सात मिनिटे आठवत. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी विचारले, "आता काय करणार?" मी म्हटले, "विश्रांती." हे पहिले अर्धे खरे.

होडी मिळाली ती मुंबईच्या एका मित्राच्या ओळखीने. जात तिची 'एंटरप्राइझ'. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज आरेखकाने १९५६ साली ही होडी आखली, ती एका वृत्तपत्राच्या पाठबळाने, आणि आखतानाच असा हिशेब ठेवला की बेताच्या मिळकतीच्या माणसाला ती घरच्या अंगणात प्लायवूड कापून बांधता यावी. लांबी सव्वातेरा फूट, रुंदी सव्वापाच, आणि नुसत्या सांगाड्याचे वजन ९४ किलो. म्हणजे चार माणसांनी उचलावी आणि दोघांनी हाकावी. शिडे निळी, हा तिचा कुळाचार. आपल्याकडेही तिचा प्रसार बराच झाला. माझ्या वाट्याला आलेली होडी चाळीस वर्षांपूर्वीची असावी. पांढरा शुभ्र रंग, कडेला लाल रेघ, आत वार्निशाची चकाकी. विकणारे गृहस्थ म्हणाले, "नुसती पाण्यात लोटायची." मी ३५,००० रुपये मोजून दिले. रंग ओला होता, हे हाताला लागलेल्या डागावरून मला कसारा घाटात कळले.

कसारा घाटाचे मी त्या दिवशी निराळेच निरीक्षण केले. चढ अंगावर घेऊन सरळ वर जाता येत नाही म्हणून रस्ता डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, पुन्हा डावीकडे, आणि असे करता करता माथ्यावर येतो. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या तोंडावर जायचे असेल तर तिलाही नेमके हेच करावे लागते. हे मी पुस्तकात वाचले होते. टेंपोच्या ड्रायव्हरला मी ते समजावूनही सांगितले. तो म्हणाला, "म्हंजी तुमच्या बोटीला घाट चढता येतो, पण तिला टेंपोतून न्यावं लागतंय."

आता घरची हकिगत. आमच्या सौ. माहेरच्या नाशिकच्याच, पंचवटीतल्या. तिचा थोरला भाऊ सोळाव्या वर्षी गंगेत बुडाला. १९६९ सालच्या सप्टेंबरातला महापूर अजून जुन्या लोकांच्या तोंडी आहे. तो ओसरल्यावर दहा-बारा दिवसांनी, पाणी उतरले म्हणून पोहायला गेलेला मुलगा परत आला नाही. ही तेव्हा अकरा वर्षांची. तेव्हापासून ही गंगेवर जाते, पण शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत. सासऱ्यांच्या अस्थी विसर्जित करतानासुद्धा ती वरच उभी होती. हे सगळे मला लग्नाआधीपासून ठाऊक होते. ठाऊक असूनही मी तिला न विचारता होडी आणली, आणि आल्यावर सांगितले की मित्राने फुकट दिली, नुसती शोभेला.

ती काही बोलली नाही. मी आपला उत्साहाने बोलत राहिलो. आपल्या लष्कराच्या इंजिनिअर दलातल्या अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' नावाच्या सदतीस फुटी होडीतून १९८५ ते १९८७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ती होडीही कुणी वापरलेली, जुनीच विकत घेतलेली होती, हे मी तिला सांगितले. कमांडर दिलीप दोंदे २०१० साली गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकटे जगाला फेरी मारून आले, हेही सांगितले.

"ते सैन्यातले आणि आरमारातले," ती म्हणाली. "तुम्ही पासबुकं भरणारे."

चार दिवसांनी धोब्याकडे कपडे देताना तिला माझ्या शर्टाच्या खिशात ३५,००० ची पावती सापडली. ती तिने इस्त्री करून घ्यावी तशी सपाट करून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवली. पैशांचा विषय तिने आजतागायत काढलेला नाही. एवढेच म्हणाली, "तुम्हांला पोहता येत नाही, हे त्या विकणाऱ्याला सांगितलं होतंत का?"

सोसायटीने होडीला पार्किंगची जागा नाकारली, ते एका अर्थी बरेच झाले. तिला मी दहीपुलाजवळच्या बोळातल्या एका मिस्त्रींकडे नेले. हे मिस्त्री म्हणजे जुन्या नाशकातल्या वाड्यांचे वैद्य. खांब, तुळया, कडीपाट, देवळ्या यांत हयात गेलेली. होडी त्यांनी जन्मात दुरुस्त केली नव्हती. त्यांनी चष्मा वर केला, रंगाकडे पाहिलेदेखील नाही, आणि बोटाच्या पेराने टकटक करीत नाळेपासून मागपर्यंत कान लावून गेले. टणटण, टणटण, आणि मग एकदम भद्द. तिथे त्यांनी खडूने फुली मारली. अशा अकरा फुल्या झाल्या. मग दाभण मागवला. पहिल्या फुलीत दाभण पिकल्या पेरूत जावा तसा मुठीपर्यंत गेला.

"साहेब," ते म्हणाले, "यात नाव किती आणि रंग किती, ते आधी ठरवू."

जुनी होडी घ्यायचा विचार कुणाच्या मनात असेल (नाशकात नसेलच, पण हा अंक दूरवर जातो), तर त्याने पैसे मोजायच्या आधी खिशात एक दाभण ठेवावा. मी हे अकरा फुल्यांनंतर शिकलो. आणखी एक गोष्ट शिकलो. माझी समजूत होती की समुद्राचे खारे पाणी लाकूड खाते. प्रकार उलटा आहे. खाऱ्या पाण्यात लाकूड लोणच्यासारखे टिकते, निदान बुरशी तरी धरीत नाही. कुजवते ते गोडे पाणी, पावसाचे. ही होडी मुंबईत कुठेतरी कित्येक पावसाळे उताणी पडून राहिली होती. पाणी आत साचले, प्लायवूडच्या कडांतून शिरले, थर सुटले, आणि मग त्यावर कुणीतरी पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. ती पालथी ठेवली असती तर अकराच्या तीन फुल्या झाल्या असत्या.

मार्च महिना कुजका भाग कापण्यात गेला. होडी भरेल त्याऐवजी रिकामी होत चालली. एके दिवशी तर तिच्या तळातून मला मिस्त्रींचे पाय दिसले. नवा तुकडा बसवायचा तो नुसता ठोकून चालत नाही. जुन्या आणि नव्या दोन्ही कडा एकास आठ अशा लांब उतरत्या तासायच्या, म्हणजे सांध्याला चिकटायला पृष्ठ मिळते. मिस्त्रींना हे सांगायची गरज पडली नाही. वाड्याची तुटलेली तुळई सांधताना ते हेच करीत आले होते. इपॉक्सी नावाचा गोंद मात्र त्यांना नवा आणि मलाही. दोन द्रव मोजून एकत्र करायचे, की तो आपसूक घट्ट होतो. घट्ट होताना तापतो, हे डब्यावर लिहिले होते. पण नाशकाच्या चाळिशीला टेकलेल्या उन्हात तो किती तापतो ते लिहिले नव्हते. मी कंजूषपणा न करता मोठा मग भरून कालवला. दहा मिनिटांत मगातून धूर निघू लागला, मग वितळला, आणि आतला गोळा दगड होऊन बसला. ७०० रुपयांचा तो दगड अजून माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे. पुढे आम्ही चहाच्या कपाएवढाच गोंद, तोही पहाटे सहाला, कालवू लागलो.

पितळी स्क्रू आणि कण्याला मारायची पट्टी तांबट आळीतून आली. तांब्यापितळेसाठी नाशिककराने बाहेरगावी जायचे म्हणजे पंढरपूरकराने बुक्का आणायला दुसऱ्या गावी जाण्यासारखे. डोलकाठीच्या तारा झिजलेल्या होत्या, त्यांना माणूस भेटला तो आमच्याच जिन्यात. खालच्या मजल्यावरचे शेजारी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. १९६४ पासून तिथे मिग विमानांचे काम चाले, त्यातली उमेदीची सारी वर्षे यांनी घालवलेली. सोसायटीत त्यांना 'मिगवाले' म्हणतात. होडीला जागा नाकारणाऱ्या ठरावावर यांचीही सही होती. पण तारा पाहून त्यांना राहवले नाही. तारा बदलून झाल्यावर त्यांनी निळे शीड जमिनीवर पसरायला लावले, त्याचा फुगवटा हाताने चाचपला आणि म्हणाले, "अहो, हा तर पंख आहे. आमचा आडवा असायचा, तुमचा उभा आहे, एवढंच."

तोपर्यंत माझी कल्पना अशी की वारा मागून शिडाला ढकलतो. ढकलतोही, पण वारा बाजूने येतो तेव्हा शिडाच्या फुगीर पाठीवरून तो वळून जातो आणि शिडाला आपल्याकडे ओढून घेतो, विमानाचा पंख वर उचलला जातो तसा. या ओढीने होडी पुढे जाईल तशी आडवीही सरकेल. ते सरकणे अडवायला तळातल्या खाचेतून एक फळी पाण्यात सोडलेली असते. वर पंख ओढतो, खाली फळी अडवते, आणि दोघांच्या चिमटीतून होडी ओल्या साबणाच्या वडीसारखी पुढे निसटते. मिगवाल्यांनी हे मला जिन्यात उभ्याउभ्या शिकवले. ही दारात भाजी निवडीत होती. तिने ऐकले, असे मला वाटते.

आणि एप्रिलमध्ये रामकुंड कोरडे पडले.

नाशिकबाहेरच्या वाचकाला याचा अर्थ चटकन कळणार नाही. आम्ही गोदावरीला गोदावरी म्हणतच नाही, गंगा म्हणतो. आणि रामकुंड म्हणजे त्या गंगेचे देवघर. आदल्याच वर्षी तिथे सिंहस्थाला लाखो लोकांनी बुड्या मारल्या होत्या. त्याचा तळ उघडा पडलेला पाहून म्हातारी माणसे गप्प होऊन परत येत. त्याच महिन्यात लातूरला आगगाडीने पाणी गेले. आणि मी दहीपुलाच्या बोळात होडी सांधत होतो! येणारेजाणारे विचारीत, "काय साहेब, नाव कधी सोडताय?" पहिल्या आठवड्यात मी हसलो. दुसऱ्या आठवड्यात एक बाई दोन घागरी घेऊन त्या बोळातून गेली. ती काही म्हणाली नाही, नुसती होडीकडे बघून गेली. मी मिस्त्रींना काम थांबवायला सांगितले आणि होडीवर ताडपत्री टाकली.

तीन आठवडे मी तिकडे फिरकलो नाही. निवृत्तांच्या रीतीप्रमाणे सकाळी पांडवलेणी चढू लागलो. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. शाळेच्या सहलीत तो पाहिला होता, वाचला नव्हता. आता त्याचा अर्थ मिळवून वाचला. गाई दिल्या, गावे दिली, घाट बांधले, अशी दानांची मोठी यादी आहे. आणि तिच्यात असे कोरले आहे की इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहाणुका या नद्यांवर त्याने लोकांना फुकट उतरून जाण्यासाठी नावा ठेवल्या. समुद्रापासून एवढ्या दूर, डोंगराच्या पोटात, नावांची नोंद! आमच्या गंगेचे नाव त्या सहांत नाही, हे मला थोडे लागले. पण त्या दगडाशी मी बराच वेळ उभा राहिलो.

खाली उतरून तसाच मिस्त्रींकडे गेलो. ताडपत्री काढलेली होती आणि ते कण्याला पट्टी मारीत बसले होते. "तुम्ही थांबा म्हणालात," ते मान वर न करता म्हणाले, "पण पाऊस काय तुमच्या नावेसाठी थांबलाय?"

शीड फाटलेले होते, ते पंचवटीतल्या एका मंडपवाल्याने शिवून दिले. सिंहस्थात साधूंचे तंबू शिवून त्याचा हात चांगला बसला होता. निळे कापड त्याच्याकडे नव्हते; उरलेले भगवे होते. तेच ठिगळ लागले. एंटरप्राइझचा कुळाचार तिथे बुडाला.

जुलैत पाऊस बरा झाला. आणि २ ऑगस्टला सकाळी मिस्त्रींचा फोन आला.

"साहेब, नाव पाण्यात आहे."

"कुठल्या पाण्यात?"

"आमच्या."

नाशकात पुराची मोजणी फुटांत होत नाही. नदीकाठी दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, असे सांगतात. त्या दिवशी मारुती दिसेनासा झाला. सराफ बाजार, भांडीबाजार, दहीपूल, सगळीकडे गंगा शिरली. त्याच रात्री तिकडे महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला. मी निघालो तशी ही चपला घालून मागोमाग निघाली. "एकट्याला सोडणार नाही," एवढेच म्हणाली.

बोळापर्यंत जाता येण्यासारखे नव्हतेच. आम्ही वरच्या चढावर गर्दीत उभे राहिलो. चार महिन्यांपूर्वी जिथे कोरडा तळ होता, तिथे मातकट पाणी झाडांचे ओंडके घेऊन धावत होते. त्याचा आवाज एकसारखा येत होता. ही माझ्या शेजारी उभी होती, आणि पाण्याकडे बघत, बाजारातला भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "दादाचा टॉवेल माझ्या हातात होता."

मी तिच्याकडे पाहिले.

"त्या खडकापर्यंत जाऊन दाखव, असं मीच त्याला म्हटलं होतं. आईला कधी सांगितलं नाही."

अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले. काय बोलावे ते सुचले नाही. मी तिची पिशवी आपल्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरले, तेव्हा दोघे दहीपुलाला गेलो. बोळात घोटाभर चिखल. मिस्त्रींच्या कारखान्यात भिंतीवर छातीच्या उंचीला पाण्याची रेघ उमटलेली. आणि मधोमध, आडवी होऊन, खांबाला बांधलेली आमची होडी. पाणी चढू लागले तेव्हा मिस्त्रींनी आणि त्यांच्या मुलाने तिच्यात रंधे, पटाशा, करवती, हिशेबाच्या वह्या आणि कोनाड्यातला गणपती भरला होता. जसजसे पाणी चढले, तसतशी ती तराफ्यासारखी वर आली. शेजारच्या दुकानांतला माल वाहून गेला. मिस्त्रींचे एक हत्यार गेले नव्हते. गंगापूरला वाजतगाजत तिला पाण्यात सोडायचे मी मनात ठरवले होते. नदीच दारात येऊन तो कार्यक्रम उरकून गेली.

ही होडीपाशी गेली. फेब्रुवारीपासून तिने तिला हात लावला नव्हता. आता कडेवरून तळवा फिरवला, वाकून आत पाहिले. तळाशी दोन बोटे पाणी होते.

"हे कुठून आलं?" तिने मिस्त्रींना विचारले.

"मधल्या फळीची पेटी आहे ना, वहिनी, तिच्या सांध्यातून. दिवसभर तरंगली, एवढंच आलं."

"एवढं तरी का आलं? ते आधी बुजवा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही पोहायला शिका. तोवर ही इथून हलायची नाही."

त्याच आठवड्यात रिओच्या ऑलिंपिकमध्ये चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ एकट्याने नाव वल्हवत होता. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावातला मुलगा, बापाबरोबर विहिरी खणून वाढलेला. लष्करात गेल्यावर त्याने वल्हे हातात धरले, आणि जगात तेरावा आला. टीव्हीपुढे आम्ही दोघे होतो. ही म्हणाली, "बघा, तोसुद्धा आधी शिकला." मग मी गेलो. एकसष्टाव्या वर्षी, पाठीला फुगा बांधून, सात-आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत. मुले मला 'आजोबा, पाय मारा' असे प्रोत्साहन देत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी तलावाची एक लांबी पार केली. तिला सांगितले. ती स्वतः येऊन, काठावर खुर्ची टाकून, पाहून गेली. माझ्या शब्दाची किंमत त्या वर्षी इतपत उतरली होती.

गंगापूरचे धरण १९६५ साली पुरे झाले. जवळजवळ चार किलोमीटर लांबीची मातीची भिंत, आणि तिच्या पश्चिमेला पसरलेले पाणी; मागे अंजनेरी आणि ब्रह्मगिरी. नाशिक हे पाणी पिते, त्यामुळे त्यात वाटेल त्याने नाव लोटायची नसते. रीतसर अर्ज केला. यंत्र नाही, तेल नाही, धूर नाही, हे तिन्ही प्रतींवर लिहिले. दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी होडी तिथल्या काठावर उतरवली. मिस्त्री, त्यांचा मुलगा, मिगवाले, मंडपवाला आणि ही. आत दोन्ही कडांना ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबा बांधल्या होत्या, उलटली तरी बुडू नये म्हणून. मिस्त्रींनी नारळ फोडला. भगव्या ठिगळाचे निळे शीड वर गेले, दोनदा फडफडले आणि भरले.

होडीचा दोर हिच्या हातात होता. तिने तो मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. मी आत बसून म्हटले, "सोड आता." तिने वेढे काढले, पण दोर सोडला नाही, हात-हात करीत सैल देत गेली, टोक येईपर्यंत. मग टोकही पाण्यात पडले.

ती पाच-सात मिनिटे मला मिळाली. पाण्याचा तळाशी बारीक खळखळाट, दोराला लागलेला वाऱ्याचा ताण, बाकी काही नाही. काठावरची माणसे लहान झाली. मग मला वाटले, आता मला येते. परत वळायला मी सुकाणू दाबले ते नको त्या बाजूला. वारा मागून शिडाच्या पाठीत शिरला, आडवी काठी सपकन या कडेची त्या कडेला गेली, जाताना माझ्या कपाळावर बसली, आणि होडीने मला अलगद गंगापूरच्या पाण्यात ओतले.

जाकिटाने मला वर आणले. होडी कुशीवर पडून तरंगत होती. ट्यूबांनी काम केले. पोहत मागच्या बाजूला गेलो, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बाहेर आलेल्या मधल्या फळीवर चढून उभा राहिलो. दोनदा घसरलो, तिसऱ्यांदा होडी उठली. बादलीने पाणी उपसले. फार वेळ गेला असेल, मला कळला नाही. वल्हे मारीत काठाला आलो.

ही गुडघाभर पाण्यात उभी होती. चपला मात्र काठावर काढून, एकीशेजारी एक नीट ठेवलेल्या होत्या. मिगवाले मागून तिला "वहिनी, अहो या, तो आला" असे म्हणत होते. सत्तेचाळीस वर्षांनंतर ती गंगेत उतरली होती आणि बहुधा ते तिच्या लक्षातही आले नव्हते. मी जवळ आलो तेव्हा तिने होडीची कड धरली, माझी नव्हे. तिला काठावर ओढून घेतले, आणि वाकून आत पाहिले.

"पेटीतून आलं नाही ना?"

"नाही. वरून आलं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि माझ्या कपाळाला हळद लावायला म्हणून डबा उघडला, तो चिवड्याचा निघाला.

होडीत ती बसली ती तिसऱ्या हिवाळ्यात, तेही मिगवाल्यांना मुलाकडे जावे लागल्यामुळे दोर धरायला माणूस नव्हते म्हणून. पुढचे लहान शीड आता तीच सांभाळते. वारा कमी असला तर पलीकडच्या काठापर्यंत जातो, भाकरी खातो, परत येतो. पावसाळ्यात होडी मिस्त्रींच्या कारखान्यात दोन घोड्यांवर पालथी असते. तिथे न्यायच्या आधी, दर मे महिन्यात, ही गोधडीचा दाभण घेऊन तिच्याभोवती एक फेरी घालते आणि जागोजाग टोचून बघते. यंदा उजव्या अंगाला, नाळेपासून दोन हातांवर, एक जागा मऊ लागली. खडूने फुली मारली आहे. मिस्त्रींच्या मुलाला निरोप दिला आहे, दिवाळी झाली की येतो म्हणाला.